क्लासिकचा वॉरियर: घ्यावा की नको?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन खेळ 2019 साली आला. खेळ मूळ 2004 चाच, नेहमीच्या सबस्क्रिप्शनमध्ये मिळतो, वेगळे पैसे पडत नाहीत. खेळ चांगला आहे की नाही यावर भरपूर लिहून झालंय. मी फक्त वॉरियर या लढवय्या पात्राबद्दल लिहिते, आणि तेही त्याच्या रेजबद्दल, म्हणजे खास वार करायला खर्च होणाऱ्या संतापाबद्दल. सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे जमाखर्च तपासायची खोड आहे.

जादूगार मेजची माना (जादूची शक्ती) म्हणजे महिन्याचा पगार, तर वॉरियरची रेज म्हणजे रोजंदारी. लढाई सुरू होताना शून्य. मारलं तर मिळते, मार खाल्ला तरी मिळते, आणि लढाई संपली की उरलेली आपोआप उतरत जाते. कमाल 100. लेव्हल 60 ला साधारण 31 डॅमेजमागे एक रेज पडते, म्हणजे 300 चा फटका बसला तर जेमतेम 10. चुकला तर काहीच नाही. मार खाऊन तेवढीच मिळवायची तर तिप्पट डॅमेज सोसायचं. आणि मॉर्टल स्ट्राइक या खास वाराची किंमत 30! रोग (Rogue) या पात्राची एनर्जी मात्र दर दोन सेकंदांनी 20 ने भरते, हातात गंजका सुरा असला तरी.

खरी गोम इथेच आहे. शस्त्र चांगलं असेल तर फटका मोठा, त्यामुळे रेज जास्त, त्यामुळे खास वारही जास्त. शस्त्र जुनं झालं की फटका हलका होतोच, वर पुढच्या वाराची सोयही होत नाही. लेव्हल 30 पासून मिळणाऱ्या व्हर्लविंड कुऱ्हाडीच्या क्वेस्टसाठी (मोहिमेसाठी) लोक इतकी पायपीट करतात ती उगाच नाही.

हिरॉइक स्ट्राइक या वाराची टूलटिप (बटणावरची माहिती) वाचून फसू नका. तिथे 15 लिहिलंय, पण हा वार तुमच्या पुढच्या साध्या फटक्याच्या जागी बसतो, म्हणजे त्या फटक्यातून येणारी रेजही गेली. 300 च्या फटक्याचा हिशेब धरला तर खरी किंमत 25 च्या घरात जाते. नवशिके वॉरियर हे बटण सतत दाबतात आणि मग रेज का नाही म्हणून बघत बसतात.

याच वाराची एक गंमतही आहे. दोन शस्त्रं घेतली की साधे फटके 19 टक्के जास्त चुकतात. पण हिरॉइक स्ट्राइक लावून ठेवला की तेवढ्या वेळात डाव्या हाताला हा दंड लागत नाही. जाणकार तो लावतात, डाव्या हाताचा फटका पडू देतात, आणि रेज कमी असेल तर उजवा पडायच्या आत रद्द करतात. मला ही राहून गेलेली फट वाटते, पण खेळायला धमाल येते. भारतातून परदेशी सर्व्हरवर खेळताना पिंगमुळे (सर्व्हरपर्यंत जाण्यायेण्याच्या विलंबामुळे) तो क्षण दर वेळी साधत नाही, हे आपलं नशीब.

स्टान्स (लढायचा पवित्रा) बदलला की रेज शून्य. टॅक्टिकल मास्टरी या कौशल्यात पाचही पॉइंट घातले तर 25 पर्यंत टिकते, आणि बर्सर्कर स्टान्समधल्या व्हर्लविंड या वाराची किंमतही नेमकी 25! इतकं चपखल जुळलेलं पाहून मला बरं वाटलं.

रेडमध्ये (मोठ्या गटाने बॉसशी लढताना) सगळं उलटं. चांगल्या शस्त्रांनी रेज ओसंडते आणि 100 च्या वरची वाया जाते. मग बॉसचा जीव 20 टक्क्यांखाली आला की एक्झिक्यूट हा वार: 15 रेज घेतो, आणि वर उरलेली सगळी गिळून तिचं डॅमेज करतो. टँकची, म्हणजे गटासाठी मार झेलणाऱ्या वॉरियरची, गत वेगळीच. चिलखत जितकं भारी, तितका मार कमी आणि तितकी रेजही कमी.

डिसेंबर 2006 मध्ये, बर्निंग क्रूसेड या विस्ताराच्या आधीच्या पॅचमध्ये (अपडेटमध्ये) हे सूत्र बदललं आणि रेज मोजताना शस्त्राचा वेगही धरू लागले. कागदावर ते जास्त न्याय्य आहे. तरी मला जुनंच आवडतं. संथ, जड कुऱ्हाड फिरताना बसतेय की चुकतेय याची जी धाकधूक होते, ती नव्या सूत्रात पातळ झाली.

एकटं खेळायचं असेल तर सरळ हंटर (शिकारी पात्र) घ्या. सोबत हीलर (जखमा भरणारा) असेल तरच वॉरियर. माझा मावसभाऊ प्रीस्ट खेळतो आणि "ताई, तू बिनधास्त मार खा" म्हणतो, म्हणून माझं निभतं. आणि सोनं जमलं की आधी शस्त्र बघा. लेव्हल 40 चा घोडा थोडा उशिरा घेतला तरी चालतो.