पिकअप वाइंडरची मोटर मंदावतेय: जुनीच दुरुस्त करायची की २४ व्होल्टची नवी बसवायची?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा आवाज पकडणारा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे (टर्न), आणि ते वेढे घालणारं यंत्र म्हणजे वाइंडर. घरी बनवलेल्या पिकअप वाइंडरवर बहुतेक वेळा दोनपैकी एक मोटर असते, एक तर शिलाई मशीनची २३० व्होल्टवाली पेडलसकट, नाहीतर ऑनलाइन मागवलेली ७७५ नंबरची डीसी मोटर, आणि तक्रार दोन्हींची सेमच. सुरुवातीला झकास पळते, तीन-चार हजार टर्न झाले की दमायला लागते. मग पहिला विचार हाच येतो की मोटर कमी पडतेय, मोठी घेऊया. माझं मत विचाराल तर मोठी अजिबात घेऊ नका, कारण ताकद कमी पडणं हे कारण जवळजवळ कधीच नसतं.

हिशोब करून बघा ना. स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) पिकअपला ४२ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) तार लागते, जाडी साधारण ०.०६३ मिलिमीटर, आणि ७० ग्रॅमच्या आसपास ताण आला की ती तुटतेच, म्हणजे आपण बोटांत धरून देतो तो ताण त्याच्या निम्म्याहूनही कमी. एका टर्नला सरासरी १४ सेंटिमीटर तार जाते, १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेऱ्या) मिनिटाला १४० मीटर. हे सगळं गुणलं तर तार ओढायला एक वॅटसुद्धा लागत नाही! शिलाईची मोटर ६०-१०० वॅटची असते. तेव्हा ती मंदावते ते तारेमुळे नाही, एकतर तिला वीज नीट मिळत नाही, नाहीतर आत काहीतरी घासतंय, नाहीतर कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) आणि कम्युटेटर (ते ज्यावर घासतात त्या फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) यांचा कॉन्टॅक्ट खराब झालाय.

आता काही जण म्हणतात मंदावली तर मंदावली, काउंटर तर बरोबर मोजतोय. मोजतोच, काउंटरच्या हॉल सेन्सरला (चुंबक समोरून गेला की एक फेरी मोजणारा) स्पीडशी काही देणंघेणं नाही. पण हाताने तार डावी-उजवी फिरवणाऱ्याचा हात आपल्याच लयीत चालतो, खाली मोटर हळू झाली की एका फेरीत कमी टर्न बसतात, थर वेगळा पडतो, कॉइलची कपॅसिटन्स (वेढ्यांमध्ये विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते आणि दोन पिकअप ७८०० टर्नचेच असूनही कानाला वेगळे लागतात. शिवाय मंदावलेल्या मोटरला आपण पेडल जास्त दाबतो, ती मध्येच मोकळी होऊन झटका देते आणि तार तुटते, सात हजाराव्या टर्नला तुटली की काय वाटतं ते ज्याचं त्याला माहीत.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एक टेस्ट. तार आणि बॉबिन (तार गुंडाळायचा सांगाडा) काढून ठेवा, बेल्ट काढा आणि स्पिंडल (बॉबिन फिरवणारा दांडा) हाताने फिरवा, तो दोन-चार चकरा स्वतःहून फिरला पाहिजे, लगेच थांबला तर दुखणं स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये आहे आणि मोटरला उगाच बोल लावतोय आपण. मग बेल्ट परत चढवून कंट्रोल फुल करून थोडाच वेळ चालवा आणि मोटरच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावून व्होल्टेज बघा (शिलाईच्या मोटरला हे २३० व्होल्ट आहेत, प्रोब आधी बसवा आणि मगच प्लग लावा, हात लांब). एकदा मोटर थंड असताना आणि एकदा मंदावल्यावर लगेच. मंदावल्यावर व्होल्टेज पण पडलं असेल तर दोष सप्लाय, पेडल किंवा कंट्रोलरचा. व्होल्टेज तेवढंच आणि स्पीड मात्र कमी, तर मोटरच्या आतलं किंवा घासण्याचं काम.

आपल्याकडे कोकणात यात अजून एक भानगड आहे. गावात लाईनच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, आणि शिलाईची मोटर थेट मेन्सवर असल्यामुळे ते सरळ स्पीडमध्ये दिसतं. दुपारी नीट आणि रात्री मंद अशी तक्रार असेल तर प्लगमध्येच व्होल्टेज मोजा, मोटर उघडायची गरज नाही.

आता जुनी दुरुस्त करायचा पर्याय. खर्च म्हणाल तर चहा-वड्याच्या पैशात कार्बनची जोडी येते, आणि मिक्सर-पंपाच्या मोटरी भरणारा रिवाइंडिंगवाला कुडाळ, कणकवली, मालवण कुठेही सापडतो. कार्बन झिजून आखूड झाले असतील किंवा मागची स्प्रिंग ढिली असेल तर बदला, साईज मिळाली नाही तर जरा मोठे घेऊन घासून बसवता येतात, फक्त होल्डरमध्ये ते सहज सरकले पाहिजेत, अडकले तर परत तेच दुखणं. कम्युटेटर काळा पडला असेल तर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने पुसा आणि पट्ट्यांमधल्या फटीतली काळी भुकटी बांबूच्या टोकदार काडीने काढा. एमरी पेपर मारू नका, त्याची भुकटी फटीत बसून शॉर्ट करते.

आणि बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या! किनाऱ्यावरच्या मोटरींचं खरं दुखणं हेच. मालवणच्या एका मित्राची मोटर रिवाइंडिंगवाल्याने माझ्यासमोर उघडली, शाफ्टवर तपकिरी चिकट थर, नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला, वास घेतला तर खवट खोबरेल. कोणीतरी कधीतरी घरातलं तेल सोडलं होतं. रिवाइंडिंगवाला म्हणाला, "कार्बन संपूक नाय, बुश धरता." बुश धुतले, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि मोटर पहिल्यासारखी. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, पुढे हवेने चिकट होतं, त्यात आपली खारी दमट हवा, शाफ्टला गंज धरायला वेळ लागत नाही. तेल सोडताना एक थेंब म्हणजे एकच, जास्तीचं तेल कम्युटेटरवर गेलं की कार्बनच्या भुकटीबरोबर चिखल होतो.

एवढं केलं की दहापैकी बऱ्याच मोटरी सुधारतात असा माझा अनुभव, पण शिलाईच्या मोटरची एक मर्यादा दुरुस्तीने जात नाही. ती शिवायला केलीय, म्हणजे थोडं पळ, थांब, परत पळ. आपण तिला अर्धवट पेडलवर सलग आठ-दहा मिनिटं चालवतो. मोटर आणि पेडल दोन्ही तापतात, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ५० अंश तापली की जवळपास २० टक्के, आणि त्याने स्पीड पडतो. वर युनिव्हर्सल मोटरचा (एसी-डीसी दोन्हींवर चालणारी, शिलाईची हीच) स्वभावच असा की लोड जरा बदलला की स्पीड हलतो. महिन्याला एखाददुसरा पिकअप करणाऱ्याला हे चालतं, मधे दोन मिनिटं थांबून गार होऊ द्यायची, झालं. गणपतीच्या आधी ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी दुरुस्तीला येतात त्या दिवसांत रोज चार-पाच कॉइल काढायच्या तर मात्र जीव घाईला येतो.

दुसरा पर्याय २४ व्होल्टची ब्रशवाली डीसी मोटर, एसएमपीएस (२३० व्होल्टचे २४ व्होल्ट डीसी करणारा सप्लाय) आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झपाट्याने चालू-बंद करून स्पीड कमी-जास्त करणारा). याचा सगळ्यात मोठा फायदा आपल्या भागासाठी हा की चांगला वाइड इनपुटवाला एसएमपीएस मेन्स वर-खाली झाली तरी बाहेर २४ व्होल्टच देतो, संध्याकाळचा प्रॉब्लेम तिथेच मिटला. हाताशी २३० व्होल्टची मोटर नाही हे पण मोठं सुख, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीशेजारी काम करताना तर नक्कीच.

पण इथे घेतानाच चुकीची मोटर घेतली जाते. ७७५ नाव एकच, आत दहा प्रकार, कुठली ३००० आरपीएमची तर कुठली १०००० च्या वरची. दहा हजारवाली घेऊन पीडब्ल्यूएमने हजारावर आणली तर ती अगदी कमी व्होल्टेजवर चालते, जरा घासलं की स्पीड पडतो, आतला पंखा हळू फिरतो म्हणून तापते पण लवकर, आणि मग नवी मोटर पण मंदावतेय म्हणून परत शोधाशोध. कमी आरपीएमची घ्या, ३००० च्या आसपास, आणि एकास तीनची पुली लावा, मोटरवर लहान आणि स्पिंडलवर तिच्या तिप्पट. पुलीने मोटरवरचा लोड तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि मोटर आपल्या मूळ स्पीडजवळ पळते, त्यामुळे स्पिंडलचा स्पीड हलायचं प्रमाण खूपच कमी होतं. थेट शाफ्टवर बॉबिन लावणाऱ्यांना हे पटत नाही, एकदा बेल्ट लावून बघा म्हणजे कळेल. कंट्रोलरवर १० अँपिअर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, हात लावून तापतोय का बघा, आणि नॉब फिरवताना स्पीड उड्या मारत असेल तर पोटेन्शिओमीटर (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) खराब आहे, ते बदलणं पाच मिनिटांचं काम. सावंतवाडीला लाकडी खेळण्यांचे खरादी आहेत, त्यांच्याकडून लाकडी पुली लेथवर नेमकी कातून मिळू शकते, ऑनलाइन वाट बघण्यापेक्षा बरं.

स्टेपर (एकेक पाऊल टाकत फिरणारी मोटर) आणि बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी मोटर) यांच्याबद्दल थोडक्यात. स्टेपरचा टॉर्क स्पीड वाढला की पडतो, हजार आरपीएमला साध्या नेमा १७ साईजच्या स्टेपरला सेकंदाला ३३०० च्या वर फुल स्टेप द्याव्या लागतात आणि मधल्या स्पीडला ती थरथरते, ती थरथर तारेला कळते. तार फिरवणारा हात ऑटोमॅटिक करायचा असेल तर तिथे स्टेपर लावा, स्पिंडलला नको. बीएलडीसीला कार्बनच नाही, झिजायचं काही नाही, स्पीड फीडबॅकवाला ड्रायव्हर असेल तर स्पीड हलत नाही, पैसे असतील आणि धंदा म्हणून करायचं असेल तर हीच घ्या, फक्त ड्रायव्हर बोर्ड दमट हवेपासून बंद डब्यात ठेवा.

माझ्या मते मोटर शिलाईची असेल, टेस्टमध्ये व्होल्टेज नीट दिसलं आणि काम हौसेपुरतं असेल तर बुश-कार्बन करून घ्या आणि एवढ्यावरच थांबा. व्होल्टेज पडतंय किंवा रोजचं काम आहे तर जुनीवर एक रुपया घालू नका, २४ व्होल्ट आणि पुली. ७७५ आधीपासून आहे आणि मंदावतेय तर मोटर न बदलता आधी पुली लावा.

आणि रिवाइंडिंगवाल्याकडे जाताय तर तार पण तिथेच मागायचा मोह होईल, तेव्हा लक्षात ठेवा, त्याच्याकडचे नंबर बहुतेक एसडब्ल्यूजीमध्ये (तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप) असतात. ४२ एसडब्ल्यूजी म्हणजे ०.१०२ मिलिमीटर, स्ट्रॅटच्या बॉबिनवर ७८०० टर्न बसणारच नाहीत. आपल्या ४२ एडब्ल्यूजीच्या जवळची ४६ एसडब्ल्यूजी, ०.०६१ ची. नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा आणि मायक्रोमीटर लावून बघून घ्या.