'क्लांदेस्तिनो': कागद नसलेल्यांची गाणी कुठून सुरू करावी

फ्रेंच-स्पॅनिश गायक मनू चाओचा 'क्लांदेस्तिनो' (म्हणजे लपूनछपून, बेकायदा राहणारा) हा अल्बम 1998 चा. विनाकागद सीमा ओलांडणाऱ्यांची गाणी ऐकायची तर आजही इथूनच सुरुवात करा. 16 गाणी, पाऊण तास. मात्र सगळीच स्थलांतरितांवर नाहीत. खरा जीव आहे तो पहिल्या, शीर्षकगीतात.

ते जेमतेम अडीच मिनिटांचं. गिटार आणि दमलेला, न रडणारा आवाज. उत्तरेकडच्या शहरात कामाला निघालेला माणूस सेउता (आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं स्पॅनिश शहर) आणि युरोपच्या टोकावरच्या जिब्राल्टरच्या मधल्या समुद्रातच आयुष्य सोडून आलोय म्हणतो. शेवटी अल्जेरियन, नायजेरियन, बोलिव्हियन अशी एकेकाची नोंद होते. चाओचे आईवडील स्पेनमधून फ्रान्सला आलेले, त्यामुळे हा 'मी' उसना वाटत नाही.

ऐकताना शफल बंदच ठेवा. गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, मध्ये जाहिरात आली की धागा तुटतो. मागे रेडिओवरच्या बोलण्याचे तुकडे आहेत, ते मोबाइलच्या स्पीकरवर नुसती खरखर वाटतात. नागपुरात बर्डीवर मिळणारा साधा वायरचा इयरफोनही पुरतो.

उणीव एकच, पण मोठी: माणसाला नाव-गाव नाही. भीमगीतांवर कान तयार झालेल्या नागपूरकराला ते खटकेलच. आपल्याकडे कोण, कुठे, काय घडलं हे शाहीर आधी सांगतो. तशी गोष्ट हवी तर लोस तिग्रेस देल नोर्ते या मेक्सिकन बँडचं 'त्रेस वेसेस मोहादो' (तीनदा भिजलेला, म्हणजे तीनदा चोरून सीमा ओलांडलेला) ऐका. एल साल्वादोरचा माणूस ग्वाटेमाला, मेक्सिको आणि अमेरिका अशा तीन सीमा चोरून ओलांडतो, गाणं त्याच क्रमाने चालतं. अकॉर्डियनच्या जोडीला 12 तारांचा बाहो सेक्स्तो, गिटारसारखं वाद्य. मुखड्याची वाट न बघता गोष्ट ऐकत राहायची.

तिसरं, अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीचं 'डिपोर्टी', म्हणजे देशाबाहेर पाठवलेला. 28 जानेवारी 1948 ला कॅलिफोर्नियात लोस गातोस कॅन्यनमध्ये विमान पडून 32 जण गेले. त्यातले 28 मेक्सिकन शेतमजूर, परत पाठवले जाणारे. काहींचे करार संपलेले, काही विनाकागद आलेले. बातम्यांत त्यांची नावंच नव्हती, त्या संतापातून गथ्रीने कविता लिहिली. चाल नंतर मार्टिन हॉफमनने दिली. 28 नावं दगडावर कोरली गेली ती थेट 2013 मध्ये, फ्रेस्नोच्या दफनभूमीत.

मराठीत करून मंचावर गायचं असेल तर हेच निवडा. चाल तीनच्या वजनाची आहे, दादऱ्यात सहज बसते. लय संथ ठेवा. आठ मात्रांच्या केरव्यात टाकलं की शब्द घाईने पळतात आणि नेमकी नावांची ओळ ऐकू येत नाही.