कोल्हापूरला नवरात्रात यायचं की दिवाळीत? २०२६ चा हिशोब

गणपती जवळ आले की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन चालू होतात, दसऱ्याला येऊ का दिवाळीत, रूम कुठं बघू, गर्दी किती असेल. मी आधी एवढंच विचारतो की सोबत कोण आहे आणि अंबाबाईचं दर्शन घ्यायचंच आहे की गावातला सोहळा बघायचाय. या दोन वेगळ्या ट्रिपा आहेत आणि बरेच जण त्या एकाच दिवसात कोंबायला जातात, मग दिवसभर रांगेत उभं राहून संध्याकाळी वैतागून परत जातात.

पहिल्यांदा तारखा, कारण २०२६ मध्ये खेळ सगळा तारखांचाच आहे. घटस्थापना ११ ऑक्टोबर, दसरा २० ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, पाडवा १०, भाऊबीज ११. आता अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात मूर्तीवर जातात तो सोहळा, सूर्यावर चालतो, त्यामुळे त्याच्या तारखा दरवर्षी त्याच असतात: ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दिवाळी मात्र तिथीवर. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढं सरकलेत आणि पाडवा-भाऊबीज बरोब्बर किरणोत्सवात येऊन बसलीय. असं दरवर्षी होत नाही. एरवी मी कुणालाही डोळे झाकून नवरात्र सांगितलं असतं, पण या वेळी काटा दिवाळीकडं झुकतोय.

तरी नवरात्राचं आधी बोलू, कारण विचारणारे जास्त त्याचेच.

नवरात्रात रोज देवीची वेगळ्या रूपात पूजा बांधतात, रात्री साडेनऊच्या सुमारास देवळाच्या आवारात पालखी फिरते, महाद्वार रोडला गाड्या बंद, सगळा भाग नुसता माणसांनी भरलेला. मुख्य दर्शनाची रांग किती लांब जाईल याचा भरवसा नाही, शनिवार-रविवार असेल तर विचारूच नका. मुखदर्शन लवकर होतं पण लांबून. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणार असाल आणि गाभाऱ्याजवळून दर्शन हवंच असेल तर खरं सांगतो, नवरात्र सोडून कधीही या.

पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. नवरात्रात देवी स्वतः देवळाबाहेर पडते, आणि त्या वेळी बघायला कसली रांगच नाही! ललिता पंचमीला पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, आम्ही टेंबलाई म्हणतो. गोष्ट अशी की राक्षसाशी लढताना त्र्यंबोलीनं मदत केली आणि विजयाच्या सोहळ्याला नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं, म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली, मग अंबाबाई दरवर्षी तिची समजूत काढायला जाते. तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडायचा विधी होतो आणि त्याचा तुकडा मिळवायला जी झुंबड उडते ती लांबूनच बघा, लहान पोरं असतील तर कडेला थांबा.

अष्टमीच्या रात्री नगरप्रदक्षिणा. देवी फुलांनी सजवलेल्या वाहनात बसून महाद्वारातून निघते, गुजरी, भवानी मंडप असं फिरते, वाटेवर रांगोळ्या, लायटिंग, पायघड्या. माझ्या मते अख्ख्या नवरात्रातली सगळ्यात सुंदर रात्र हीच, आणि दसऱ्यापेक्षा कमी धक्काबुक्की.

दसऱ्याची संध्याकाळ दसरा चौकात. अंबाबाईची, भवानी मंडपातल्या तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी येते, छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात, लकडकोटात शमीपूजन होतं आणि सूर्य मावळताना सोनं लुटायला सुरुवात, की मग दोन मिनिटात काही दिसत नाही, नुसती आपट्याची पानं आणि हात. अलीकडं सरकारनं शाही दसरा महोत्सव म्हणून याला जोडून बरेच कार्यक्रम चालू केलेत, त्यामुळं गर्दी अजून वाढली. चारच्या आत जागा धरली नाही तर मोबाईल वर करून दुसऱ्यांच्या डोक्यांचे फोटो काढाल. (याच चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे, शाहू महाराजांच्या काळातलं. वेगवेगळ्या समाजाच्या पोरांना शिकायला म्हणून त्यांनी गावात जी बोर्डिंग उभी केली त्यातलं एक, आलाच आहात तर बघून घ्या.)

आणि पाऊस. ऑक्टोबरमध्ये दुपारी चटका आणि संध्याकाळी वळीव आल्यासारखा गडगडाट, हे धरूनच चाला. छत्री गाडीत ठेवून देवळाकडं जाऊ नका.

आता दिवाळी. कोल्हापूरच्या दिवाळीची जाहिरात कुणी करत नाही, त्यामुळं बाहेरून माणूस येतो तो फक्त सुट्टी आहे म्हणून आणि दर्शन घेऊन पन्हाळा करून जातो. पाडव्याला इथं म्हशींचा थाट असतो हे किती जणांना माहितीय? गवळी लोक म्हशींना धुऊन, भादरून, अंगावर नक्षी काढून, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि घुंगरं बांधून पंचगंगेकडं, कसबा बावड्यात, सागरमाळाला आणतात. मालक मोटरसायकलवर पुढं पळतो, हाक मारतो आणि त्या हाकेवर म्हैस गर्दीतून वाट काढत त्याच्याच गाडीमागं धावत सुटते. शेकडो माणसं ओरडतायत, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा कान फाटेल असा आवाज, तरी ती चुकत नाही. आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळांनी लांब राहावं, बाकी पोरांना हे बघितल्यावर दुसरं काही नको असतं. रात्री गंगावेशीला दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला मिळतं ते वेगळंच, तो प्रकार वर्षभर असतो.

पेठापेठांत किल्ले. घरापुढं पोरांचे छोटे आणि तालमी-मंडळांचे मोठे, मातीचे मावळे, तोफा, काही ठिकाणी माहिती सांगायला एखादं पोरगं माईक घेऊन उभं. संध्याकाळी शिवाजी पेठ, मंगळवार पेठ चालत फिरा, एक रुपया खर्च नाही.

किरणोत्सवाबद्दल मात्र अपेक्षा नीट ठेवा. पहिल्या दिवशी किरणं पायापर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत, असा हिशोब. सगळा मामला पावणेसहाच्या आसपास काही मिनिटांचा. ढग आले, हवेत धूळ किंवा बाष्प असलं की किरणं मधेच क्षीण होतात, वाटेत नवीन बांधकामांचेही अडथळे आलेत. आत उभं राहून प्रत्यक्ष बघायला फार थोड्यांना मिळतं, बाकी आवारात स्क्रीनवर. म्हणजे हमी अशी नाहीच. तरीही किरणं पोचली की आवारात जो गजर होतो तो ऐकायला मी जाईन.

दिवाळीचा तोटा म्हणजे खाणं. लक्ष्मीपूजन-पाडव्याला नावाजलेली मिसळीची दुकानं, खानावळी बंद सापडू शकतात, तांबडा-पांढरा रस्सा खायला म्हणून येणाऱ्यांनी आधी फोन करावा. नवरात्रात तो प्रश्न कमी, हॉटेलं चालू असतात, घरात उपास असले तरी. आणि भाऊबीजेनंतर सुट्टीचे पर्यटक येतात तेव्हा देवळात गर्दी भरपूर होते आणि रूमचे दर पण वाढतात, फक्त नवरात्राइतकी कोंडी नसते.

नाटकाच्या भरवशावर यायचं असेल तर दोन्ही वेळी सारखंच. केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ ला पूर्ण केलेलं मूळचं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, नेमकं ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आणि तेव्हापासून इथल्या नाटकवाल्यांचं गणित विस्कटलं. कुठला प्रयोग कुठं आहे ते निघायच्या आधी विचारून घ्या.

त्रिपुरारी पौर्णिमेचा पंचगंगा घाट, पहाटेच्या अंधारात हजारो पणत्या, हा तिसरा पर्याय, पण २०२६ ला तो २४ नोव्हेंबरला मंगळवारी आलाय, दिवाळीच्या ट्रिपेत बसत नाही. एकटे किंवा दोघंच असाल, फोटोचा नाद असेल आणि सुट्टी टाकता येत असेल तर हा सगळ्यात शांत.

मग ठरवायचं कसं? दोघंतिघं मित्र असाल, चालायची आणि उभं राहायची तयारी असेल तर नवरात्र, आणि त्यातही दसऱ्याऐवजी अष्टमी (पंचांगात दिवस बघून घ्या). लहान पोरं असतील तर दिवाळी, प्रश्नच नाही. आईवडील असतील तरी दिवाळीच, दर्शन सकाळी लवकर उरकून घ्या, दुपारनंतर किरणोत्सवाच्या गर्दीत त्यांना नेऊ नका.

दिवाळीचं जमतंय कसं तेही सांगतो. ८ ला लक्ष्मीपूजन आपल्या घरी करा, ९ हा मधला मोकळा दिवस आलाय, त्या रात्री मुंबईतून महालक्ष्मी एक्सप्रेसला बसा, १० ला सकाळी इथं. पाडव्याच्या दुपारी म्हशी, रात्री किल्ले, ११ ला संध्याकाळी किरणोत्सव. भाऊबीजेचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं, बहीण कोल्हापुरात दिलेली असेल तर तुमच्यासारखा नशीबवान नाही. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ९ नोव्हेंबरच्या गाडीसाठी १० सप्टेंबर, गणपती बसायच्याही आधी, आणि दिवाळीची वेटिंग लिस्ट सकाळीच लांबते.