कुंड्या की गादीवाफा? खरा फरक हंगाम उलटताना कळतो

घराभोवती थोडी मोकळी जमीन आहे, भाजीपाला लावायचा आहे आणि कुंड्या घ्याव्यात की गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उंच उचललेला मातीचा वाफा, करावा हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. गच्चीशिवाय जागाच नसेल तर प्रश्न आपोआप मिटला. मी दोन्ही प्रकारे भाजी पिकवली आहे. पहिल्या हंगामात फारसा फरक जाणवत नाही. माती ताजी असते, रोपं जोमात असतात, लावाल ते येतं. पुढचा हंगाम लागला की मात्र दोन्हींचे स्वभाव दिसू लागतात.

कुंड्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. हिवाळ्यात सूर्य कलतो आणि उन्हाळ्यात लख्ख ऊन असलेला कोपरा भिंतीच्या सावलीत जातो. कुंडी उचलून उन्हात नेता येते, वाफा जिथे केला तिथेच राहतो. फळभाज्यांना दिवसाला सहा तास तरी ऊन लागतं, त्यामुळे वाफ्याची जागा ठरवण्याआधी निदान दोन ऋतूंत ऊन कुठे पडतं ते बघून ठेवा. दुसरी गोष्ट रोगाची. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातल्या, आणि त्यांच्यावरची मर, म्हणजे उभं झाड कोमेजून मरण्याचा रोग, मातीतूनच येते. कुंडीत मर दिसली तर तेवढी माती बाजूला काढली की झालं. वाफ्यात मात्र त्या जागी पुढचे काही हंगाम या कुळातलं काही लावता येत नाही. शिवाय लव्हाळा, हे चिवट तण. वरून कितीही खुरपा, खाली गाठ राहिली की पुन्हा कोंब येतो. कुंडीत हा त्रास जवळजवळ नसतोच.

इतकं असूनही माझा कल वाफ्याकडे आहे, आणि त्याचं कारण पाणी. कुंडीला पाणी जास्त वेळा लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घातलेलं पाणी मुळांपर्यंत न पोहोचण्याची.

ऊन तापू लागलं की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं मिश्रण वाळून आक्रसतं आणि कुंडीच्या कडेपासून सुटतं. नखभर फट पडते. झारीने पाणी घातलं की ते या फटीतून सरळ खाली उतरतं आणि तळाच्या भोकातून बाहेर येतं. खालच्या बशीत पाणी साठलेलं दिसतं, म्हणून वाटतं की माती भिजली. बोट खुपसून पाहावं तर दोन पेरांखाली कोरडी भुकटी. दुपारपर्यंत मिरची मान टाकते. लहान कुंडी असेल तर टबभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बसवून ठेवता येते. वीस लिटरची कुंडी तशी बुडवणं जमण्यासारखं नाही. मग कडेची माती बोटांनी दाबून फट बुजवायची, थोडं पाणी घालायचं, थांबायचं, पुन्हा घालायचं. प्रत्येक कुंडीला, आणि सगळा उन्हाळाभर.

ही ओढाताण फळावरही उमटते. टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट चट्टा पडतो तो कॅल्शियम कमी पडल्याने. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम पुरेसं असतं. पाणी कधी जास्त कधी कमी झाल्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी वरून खत देऊन उपयोग होत नाही. माझ्याकडे असे चट्टे कुंडीतल्या टोमॅटोवर वरचेवर दिसले, वाफ्यातल्यावर क्वचितच. मोजमाप केलेलं नाही, पण फरक नजरेत भरण्याइतका होता.

वाफ्यात मुळांना खाली जायला जागा असते. वर ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की वाफसा, म्हणजे मातीतली योग्य ओल, टिकतो आणि एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी झाड तग धरतं. पावसाळ्यात उलट गरज असते, पाणी निचरून जायला हवं. वाफा जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटर उंच घेतला की तेही साधतं. त्या दिवसांत आच्छादन पातळ करा, नाहीतर गोगलगायी त्याखाली मुक्काम ठोकतात. रुंदी १.२ मीटरहून जास्त नको, दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचला पाहिजे. एकदा पाय पडून माती दडपली की गादीवाफ्याचा अर्थच जातो.

हंगाम बदलताना वाफ्यात काम थोडं असतं. झाड निरोगी असेल तर उपटायचंही नाही, बुंध्याशी कापायचं. मुळं आतल्या आत कुजतात. वर कंपोस्टचा थर दिला की पुढची रोपं लावायला वाफा तयार. कुंडीतली माती तोवर खाली बसलेली असते, मुळांचं जाळं झालेलं असतं. ती ओतून, मोकळी करून, खत मिसळून पुन्हा भरावी लागते.

भाड्याचं घर असेल किंवा ऊन फारच सरकत असेल तर कुंड्याच बऱ्या, असं मलाही वाटतं. पुदिना तर कुंडीतच लावा, वाफ्यात तो इतरांना जागा ठेवत नाही. कुंड्या घेणार असाल तर फिक्या रंगाच्या आणि मोठ्या घ्या. काळी कुंडी उन्हात इतकी तापते की कडेची मुळं होरपळतात. आणि वाफा करायचा ठरलाच, तर एकच करा, पावसाळ्याच्या आधी, आणि त्यातला लव्हाळा गाठींसकट खणून काढल्याशिवाय एकही बी टाकू नका.