डोमेन क्लायंटचे, नोंदणी रिसेलरच्या नावावर: ५४४ डॉलर गेले आणि नावही गेले

वेबसाइट बनवून देणारे बहुतेकजण क्लायंटचे डोमेनही (साइटचे इंटरनेटवरील नाव) आपणच घेऊन देतात आणि मीही तेच करत आलो आहे. तेव्हा ‘एवढेही कळू नये का’ असे विचारणाऱ्यांनी आधी स्वतःच्या क्लायंटची डोमेन नेमकी कोणाच्या नावावर आहेत ते पाहावे. एका क्लायंटच्या डॉट कॉम नावासाठी मी रिसेलरला (डोमेन पुढे विकणाऱ्या मध्यस्थाला) पाच वर्षांचे ६४ डॉलर एकरकमी दिले आणि रजिस्ट्रंट (नावाचा नोंदलेला धारक) म्हणून क्लायंटचे नाव, पत्ता व ईमेल लेखी कळवले. त्या महाभागाने नोंदणी केली ती स्वतःच्या नावावर, आणि तीही एकाच वर्षाची.

संशय यायला हवा होता तो पहिल्याच पंधरवड्यात. नव्या नोंदणीनंतर रजिस्ट्रंटच्या ईमेलवर पडताळणीची लिंक येते आणि १५ दिवसांत प्रतिसाद न मिळाल्यास रजिस्ट्रारला (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला) नाव तरी बंद करावे लागते, नाहीतर स्वतः पडताळणी करावी लागते. क्लायंटला असा ईमेल आलाच नाही आणि साइट मात्र सुरळीत चालू होती, म्हणजे ती लिंक दुसऱ्याच कोणीतरी उघडली होती. पुढे आरडीएपीवर (डोमेनची नोंद कोणालाही पाहता येते त्या सेवेवर) नाव शोधले, तेव्हा मुदतीची तारीख पुढच्याच वर्षाची दिसली. विचारल्यावर ‘रजिस्ट्रीत (डॉट कॉमच्या मुख्य नोंदवहीत) एकेक वर्षच चढते, उरलेली आपोआप जोडली जातात’ असे उत्तर आले. हे धादांत खोटे आहे: डॉट कॉम एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येते आणि भरलेली सगळी वर्षे लगेच तारखेत दिसतात. पण ज्याच्याशी आधी अनेक व्यवहार बिनबोभाट झाले होते, त्याच्या प्रत्येक वाक्याची शहानिशा कोण करत बसतो? मालकाच्या नावाच्या जागी झाकलेला मजकूर होता म्हणावे, तर २०१८ पासून बहुतेक नोंदी तशाच दिसतात.

मुदत संपली आणि साइटसह क्लायंटचे सगळे ईमेल बंद पडले. मुदतीपूर्वी साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी पाठवायच्या सूचना अर्थातच रिसेलरकडे गेल्या होत्या. नाव ‘रिडेम्प्शन’मध्ये (रद्द झालेले नाव जादा शुल्क भरून सोडवण्याच्या टप्प्यात) गेल्याचे सांगून त्याने ४८० डॉलर मागितले. प्रत्यक्षात आरडीएपीतल्या स्थितीत रिडेम्प्शनचा उल्लेखही नव्हता, साधे नूतनीकरण पुरले असते. परंतु क्लायंटचा फोन सतत वाजत असताना स्थितीचे रकाने वाचण्याइतके डोके शांत कोणाचे राहील? मी पैसे भरले. त्याने नाव चालू केले, ऑथ कोड (नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यासाठी लागणारा संकेतांक) द्यायचे टाळत राहिला आणि दरम्यान नोंदणी आणखी कोणाच्या तरी नावावर केली. रजिस्ट्रंट बदलला की सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाण्यास ६० दिवसांची बंदी बसते, तीही बसली. नंतर ‘विक्रीची किंमत’ म्हणून १,८५० डॉलरची मागणी आली. ती मी भरली नाही.

यापुढची कहाणी अधिक संतापजनक आहे. रजिस्ट्रारने कळवले की त्यांचा करार रजिस्ट्रंटशी आहे आणि तिऱ्हाइताशी ते बोलू शकत नाहीत. पैशाची पावती, ईमेल, क्लायंटचे पत्र, सगळे जोडूनही उत्तर तेच, फक्त खालची सही बदललेली. आयकॅनकडे (डोमेन व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेकडे) तक्रार केली, तर मालकीच्या वादात आपण निवाडा करत नाही, असे नम्र भाषेत समजले. १९९९ पासून लागू असलेल्या यूडीआरपीचा (डोमेनच्या वादांसाठीच्या लवाद प्रक्रियेचा) मार्ग खुला आहे, पण वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एका पंचासाठी १,५०० डॉलर शुल्क आणि वर ट्रेडमार्कचा हक्क सिद्ध करण्याची अट. क्लायंटकडे नोंदलेला ट्रेडमार्क नाही. सायबर पोलिसांनी ‘पैसे तुम्ही स्वखुशीने भरले, हा दिवाणी वाद आहे’ म्हणून हात झटकले. ज्याने नाव लाटले त्याला नियमांचे संरक्षण आणि ज्याने पैसे भरले तो तिऱ्हाईत, अशी ही व्यवस्था आहे.

डोमेन क्लायंटच्याच खात्यात, त्याच्याच कार्डावर घ्या आणि स्वतःकडे फक्त डीएनएस (नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे याच्या नोंदी) बदलण्याची परवानगी ठेवा. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन बंद पडताच खातेही हाताबाहेर जाते. पैसे भरल्यावर पावती पाहू नका, आरडीएपीवरची तारीख पाहा. आणि नाव आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर भांडण नंतर करा: त्या डोमेनचे ईमेल तो केव्हाही स्वतःकडे वळवू शकतो, म्हणून बँक, होस्टिंग आणि इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे ईमेल जिथे येतात तो पत्ता त्याच दिवशी बदला. आम्ही निदान ते तरी वेळेत केले.