दिलेली गाणी ऐकायची तर सुरुवात कुणापासून? प्रिन्स, मॅकार्टनी की स्प्रिंगस्टीन

स्वतःसाठी न वापरलेलं गाणं दुसऱ्याला देऊन टाकायचं आणि त्या दुसऱ्याने ते गाजवायचं, असे किस्से इंग्रजी पॉपमध्ये इतके आहेत की नव्या श्रोत्याला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. बरं, नुसते किस्से वाचून भागत नाही. गाणं एकदा देणाऱ्याच्या आवाजात आणि लगेच घेणाऱ्याच्या आवाजात ऐकलं तरच त्यातली गंमत कळते. म्हणून इथे तीन मोठे साठे समोरासमोर ठेवतो, आणि जाता जाता दोन लहान. कसोटी एकच लावली आहे: देणाऱ्याने घेणाऱ्यासाठी गाण्यात जागा किती सोडली?

सगळ्यात सोयीचा साठा प्रिन्सचा. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, ‘ओरिजिनल्स’ नावाचा अल्बम आला. इतरांना दिलेली पंधरा गाणी, सगळी त्याच्याच आवाजात. शोधाशोध करायची नाही, जुन्या चोरट्या टेप धुंडाळायच्या नाहीत. आणि दर्जा असा की डेमो, म्हणजे नमुन्यापुरतं कच्चं रेकॉर्डिंग, म्हणवत नाही. पण नेमकी इथेच माझी तक्रार सुरू होते. प्रिन्स गाणं देताना बहुतेक वेळा आख्खं रेकॉर्डिंगच देई. १९८१ चा ‘द टाइम’ या बँडचा पहिला अल्बम घ्या. बहुतेक वाद्यं स्वतः प्रिन्सने वाजवलेली, बँडचा गायक मॉरिस डे याने वर आवाज चढवला. असल्या गाण्यांच्या दोन आवृत्त्या शेजारी लावल्या तर फरक फक्त गळ्याचा उरतो. शीला ई.चं ‘द ग्लॅमरस लाइफ’ मला फार आवडतं, तरी प्रिन्सची आवृत्ती ऐकून नवीन काही हाती लागलं असं म्हणणार नाही.

अपवाद दोन, आणि दोन्ही भारी. ‘मॅनिक मंडे’ त्याने १९८४ मध्ये अपोलोनिया ६ या त्रिकुटासाठी केलं होतं, मग मागे घेतलं आणि पुढे ‘ख्रिस्तोफर’ या टोपणनावाने बँगल्सना दिलं. या मुलींनी ते नव्याने वाजवलं, गिटार पुढे आणली, आणि सोमवारची कुरकुर त्यांच्या तोंडी जास्त खरी वाटते. अमेरिकेत १९८६ मध्ये ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण वर प्रिन्सचंच ‘किस’ बसलं होतं!

दुसरं ‘नथिंग कंपेअर्स टू यू’. १९८५ मध्ये ‘द फॅमिली’ या त्याच्याच हाताखालच्या बँडच्या अल्बममध्ये ते आलं आणि कुणाच्या फारसं लक्षातही राहिलं नाही. १९९० मध्ये सिनेड ओ’कॉनरने ते गायलं आणि जगभर पहिल्या क्रमांकावर नेलं. प्रिन्सची मूळ आवृत्ती आक्रोश करते, सॅक्सोफोनही मदतीला आहे. सिनेड बरंच काही काढून टाकते आणि आवाज जवळजवळ एकटा सोडते. गाणं तिचं झालं ते त्यामुळे. ‘ओरिजिनल्स’मधलं एकच गाणं ऐकायला वेळ असेल तर हेच ऐका, अर्थात सिनेडच्या आवृत्तीनंतर.

बीटल्सवाल्यांचं प्रकरण वेगळं. लेनन-मॅकार्टनी जोडीने १९६३-६४ मध्ये लिव्हरपूलच्या ओळखीपाळखीच्या लोकांना गाणी अक्षरशः वाटली. बिली जे. क्रेमरला ‘बॅड टू मी’ मिळालं आणि ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. सिला ब्लॅकला काही मिळाली. रोलिंग स्टोन्सनाही एक मिळालं, ‘आय वॉना बी युअर मॅन’, पण ते बीटल्सनी स्वतःही ठेवलं आणि आपला ड्रमर रिंगो याला गायला दिलं. ते दोघांनाही साधारणच जमलं आहे, असं माझं मत.

यातला सगळ्यात बोलका किस्सा ‘अ वर्ल्ड विदाउट लव्ह’चा. मॅकार्टनीने ते शाळकरी वयात लिहिलेलं. त्याची पहिलीच ओळ, मला कोंडून ठेवा अशा अर्थाची, ऐकून लेननला हसू फुटायचं. साहजिकच ते बीटल्ससाठी बाद. तेव्हा मॅकार्टनी लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटवर मैत्रीण जेन अ‍ॅशरच्या घरी राहत होता. तिचा भाऊ पीटर याला आणि त्याचा जोडीदार गॉर्डन याला नवा करार मिळाला होता आणि गाणं हवं होतं. घरातलंच पडून असलेलं गाणं त्यांच्या पदरात पडलं आणि १९६४ मध्ये ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिलं आलं. ब्रिटनमध्ये तर त्याने बीटल्सच्याच ‘कान्ट बाय मी लव्ह’ला खाली ढकललं.

ऐकणाऱ्याची अडचण अशी की बीटल्सनी या गाण्याचं रेकॉर्ड काढलंच नाही. म्हणजे तुलना करायला दुसरी बाजूच नाही. या दिलेल्या गाण्यांचा एक संग्रह १९७९ मध्ये निघाला होता, पण त्यातही आवाज घेणाऱ्यांचेच. त्यामुळे हा साठा इतिहासाची आवड असणाऱ्याला मानवेल, जोड्या लावून ऐकणाऱ्याची मात्र निराशा करेल.

तरी एक जोडी चुकवू नका: ‘कम अँड गेट इट’. २४ जुलै १९६९ ला मॅकार्टनीने अ‍ॅबी रोड स्टुडिओत पियानो, बेस, ड्रम्स, आवाज, सगळं एकट्याने तासाभराच्या आत रेकॉर्ड केलं. मग बॅडफिंगर या नव्या बँडला बजावलं की हुबेहूब असंच वाजवा. त्यांनी ऐकलं आणि गाणं ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. मूळ डेमो १९९६ च्या ‘अँथॉलॉजी ३’वर आहे. दोन्ही लागोपाठ लावा. सारखेपणाच इतका आहे की थोडं अस्वस्थ व्हायला होतं. मॅकार्टनीने जागा सोडली नाही, आणि बॅडफिंगरने मागितली नाही.

आता ब्रूस स्प्रिंगस्टीन. माझं मत याच्या पारड्यात. १९७७ मध्ये ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’ या अल्बमचं काम सुरू असताना त्याच्याकडे ‘बिकॉज द नाइट’ अर्धवट पडलं होतं. चाल होती, मुखडा होता, कडव्यांचं गाडं अडलं होतं. त्या अल्बमचा इंजिनिअर जिमी आयोव्हिन तेव्हाच पॅटी स्मिथचा ‘ईस्टर’ हा अल्बम करत होता. त्याने टेप तिकडे नेली. पॅटीने ती लगेच ऐकलीही नाही. मग एका रात्री ती प्रियकर फ्रेड स्मिथच्या फोनची वाट बघत बसली, फोन येईना, तेव्हा तिने टेप लावली आणि कडवी लिहून काढली. त्या कडव्यांत फोनची ती वाट बघणंही आलं आहे. १९७८ मध्ये गाणं अमेरिकेत तेरावं, ब्रिटनमध्ये पाचवं आलं, श्रेय दोघांना.

स्प्रिंगस्टीन मंचावर हेच गाणं स्वतःचे शब्द घालून गातो. तिथे ते दिवसभर राबलेल्या माणसाचं गाणं होतं, पॅटीकडे ते वाट बघणाऱ्या बाईचं आहे. चाल तीच, माणसं दोन. त्याची स्टुडिओतली आवृत्ती २०१० च्या ‘द प्रॉमिस’ या संचात सापडेल. त्याच संचात ‘फायर’ही आहे. ते त्याने मनात एल्व्हिसला धरून लिहिलं होतं, पण एल्व्हिस १९७७ च्या ऑगस्टमध्ये गेला. पुढे पॉइंटर सिस्टर्सनी ते गाऊन अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर नेलं.

आणि हो, न दिलेलं गाणंही ऐका. ‘हंग्री हार्ट’ त्याने रमोन्स या पंक बँडसाठी लिहिलं होतं. मॅनेजर जॉन लँडाऊने अडवलं. तेच १९८० मध्ये त्याचं अमेरिकेतल्या पहिल्या दहांत पोचलेलं पहिलं गाणं ठरलं.

उरलेले दोन थोडक्यात. बी जीज या बँडच्या बॅरी गिबने गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडच्या १९८० च्या ‘गिल्टी’ या अल्बमसाठी केलेले डेमो २००६ मध्ये बाहेर आले. बाईसाठी लिहिलेली गाणी हा माणूस आपल्या उंच पट्टीत गातो, ते ऐकायला मजा येते. पण बी जीजचा तो आवाज मुळात आवडत नसेल तर टाळा. गायिका सिया याच्या उलट. २०१६ च्या ‘धिस इज अ‍ॅक्टिंग’मध्ये तिने इतरांसाठी लिहिलेली, पण परत आलेली गाणी स्वतः गायली. रिहानासाठी लिहिलेलं ‘चीप थ्रिल्स’ शॉन पॉलला जोडीला घेऊन अमेरिकेत पहिलं आलं. इथेही तुलनेला दुसरी बाजू नाही, त्यामुळे व्यायाम करताना लावायला छान, एवढंच.

तेव्हा अर्धा तास असेल तर पॅटी स्मिथ, मग लगेच स्प्रिंगस्टीन, आणि वेळ उरला तर सिनेड आणि प्रिन्स. आख्खा अल्बम सलग ऐकायची सवय असेल तर ‘ओरिजिनल्स’ घ्या, माझी तक्रार बाजूला ठेवून. बीटल्सची वाटलेली गाणी तिसऱ्या आठवड्यात, आणि तीही बीटल्स आधीच पाठ असतील तरच.