लिनक्स मिंट २२ : जुनं कार्ड, दोन मॉनिटर आणि एक उभी चादर

मी चादरी-टॉवेलच्या डिझाइन करते, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी, घरूनच. चादर उभी लांब, म्हणून एक मॉनिटरही उभाच ठेवलाय. दुसऱ्यावर पार्टीनं पाठवलेला फोटो आणि रंग. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, आमचा पीसी ११ काही घेईना, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली.

स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटी ७१०, बिनपंख्याचं. (सोलापूरच्या मे महिन्यात त्यावर शेंगा भाजून निघतील.) सुरुवातीला लिनक्ससोबत येणारा नूवो ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) होता. चित्र दिसायचं, पण मोठी नक्षी सरकवली की स्क्रीन रखडायची. मेनूतल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’नं बरोबर एनव्हिडियाचा ४७० नंबरचा ड्रायव्हर सुचवला. या कार्डाची धाव तिथपर्यंतच; नेटवर मोठे नंबर बघून ते टाकायला जाऊ नका.

पण सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर सांभाळा. टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केलं की निळा स्क्रीन येतो आणि दहा सेकंदांत कुठलंतरी बटण दाबायचं असतं. मी तेव्हा चहा गाळत होते! गेली संधी, ड्रायव्हर असून नसल्यासारखा. दुसऱ्यांदा खुर्ची सोडली नाही. ‘एनरोल मॉक’ (म्हणजे ड्रायव्हरची सही ओळखीची करून घे) निवडून तोच पासवर्ड दिला आणि नक्षी सुळकन सरकायला लागली. हे आधी ठळक सांगायला काय जातं यांचं? एक तारा इथंच कापला.

मग दुसरा मॉनिटर १०२४ बाय ७६८ वर अडला. एका दुकानदारानं न उघडताच “कार्ड गेलंय, नवीन घ्या” म्हणून सांगितलं. घरी येऊन व्हीजीए केबल काढून बघितली, तर १२ नंबरची पिन आत मोडलेली. मॉनिटर आपली माहिती १२ आणि १५ या पिनांवरून कळवतो. ती पोचलीच नाही तर बिचारं लिनक्स अंदाजानं चालणार. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलना नसतेच, तिला घाबरू नका. शेजारच्या पोराकडची जुनी केबल लावली आणि १९२० बाय १०८० आपोआप आलं.

पाचपैकी चार तारे. उभा मॉनिटर सेटिंगमध्ये फिरवून ठेवलाय, पण लॉगिनच्या स्क्रीनला त्याचा पत्ताच नाही. रोज सकाळी मान वाकडी करून पासवर्ड टाकते.